धोतरावरचं ऊन

चैत्र-वैशाखात नाचणगावच्या गच्च्यांवर काय काय वाळत असतं. कुरड्या, मुंगवड्या, लाल मिरच्या, लोणच्याच्या फोडी. सावलीत एखादी म्हातारी काठी घेऊन कावळ्यांची राखण करत बसलेली असते आणि बसल्या बसल्या पेंगत असते. बाबूजींच्या गच्चीवर मात्र यातलं काही नसे. तिथं त्यांचं एक जुनं धोतर पसरलेलं असे, हळदीत बुडवून रंगवलेलं, चारी कोपऱ्यांवर नदीचे गोटे ठेवलेले. वाऱ्यानं ते मधूनच फुगायचं आणि परत खाली बसायचं, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं. शेजारची माणसं विचारायची, "हे काय वाळू घातलं जी?" बाबूजी म्हणायचे, "वाळू नाई घातलं. ऊन तपासून राह्यलो."

मी त्यांच्याकडे सहा वर्षं स्वयंपाकाला होते. ते पुलगावला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, पण प्राध्यापक नव्हते. कोणी 'सर' म्हटलं की लगेच दुरुस्त करायचे. "मी सर नाई. सरच्या नळ्या धुवत होतो. पण कोनती नळी स्वच्छ आन कोनती नुसतीच चकचकते, हे सरले नाई समजे, मले समजे." म्हणून सगळे त्यांना बाबूजीच म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी पुण्याला. घरात ते, त्यांची पुस्तकं आणि खिडकीत उन्हाचा एक पट्टा, जो सकाळी देव्हाऱ्यापाशी असायचा आणि मी भांडी घासायला बसेपर्यंत दारापाशी यायचा. त्या घरातलं घड्याळ मला आठवत नाही. तो पट्टा आठवतो.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर असे, तापाचा नाही, प्रयोगशाळेतला, लांब काचेचा. मी म्हटलं, चहा थंड झाला, की ते म्हणायचे, "म्हनते कोन?" आणि काच कपात बुडवायचे. टीव्हीवर आज वर्ध्यात इतकं ऊन म्हणून सांगितलं की टीव्हीलाच विचारायचे, "म्हनते कोन? सावलीतलं का उन्हातलं?" हे त्यांचं नेहमीचं बोलणं होतं. लोक म्हणतात असं कधी त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. "लोक म्हंजे कोन? एकाचं नाव सांग." आणि नाव सांगता येत नसे. घरी गेल्यावर मी रात्रीच्या भाकरी थापताना विचार करायची, खरंच, नाव कोणाचं सांगावं.

एकदा त्यांनी काडेपेटीतल्या काड्या मोजल्या. पेटीवर छापलेल्या आकड्यापेक्षा दोन काड्या कमी निघाल्या. दुसरी पेटी फोडली, तिच्यात तीन जास्त. ते दिवसभर खुश होते. "पाह्य, खोटं बोलतच नाई बिचारे. त्याइले मोजताच येत नाई!" त्या दिवशी मला चूल पेटवायला काड्या शोधाव्या लागल्या, कारण सगळ्या काड्या दहा-दहाच्या ढिगानं पलंगावर मांडलेल्या होत्या आणि ढिगाला हात लावायचा नाही असा हुकूम होता.

मी त्यांच्याकडे कामाला कशी आले ते सांगते. त्याआधी मी दिराच्या वावरात जायची. निंदणाला म्हणजे तण काढायला, बैलांच्या डवरणीच्या मागं, आणि मुख्य म्हणजे कापूस वेचायला. कापूस वेचणं मला फार आवडे. कमरेला कापसाची ओटी बांधून बाया एका तासानं, म्हणजे पिकाच्या एका ओळीनं, चालायला लागल्या की कोणी कोणाकडे बघत नाही, हात बोंडावर असतात, आणि तोंडं चालू असतात. माझ्यासारख्या न बोलणारीलाही तिथं बोलल्यासारखं वाटतं. धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर माझ्या डाव्या गालावर आणि दोन्ही हातांच्या पाठीवर पांढरे डाग आले. आधी तिळाएवढे, मग पानाएवढे. आमच्याकडे त्याला कोड म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली करतात. नणंदेच्या लग्नात नवरीला हळद लावायला पाच सुवासिनी बोलावल्या, तेव्हा मला हाक आली नाही. मी पाण्याच्या पितळी गुंडापाशी काम काढून बसले.

ते एक वेळ सोसलं असतं. पण डाग उन्हात भाजायला लागले. बाकीची कातडी काळवंडे, डाग मात्र लाल होऊन फुगत. वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि एक ट्यूब लिहून दिली. तिच्यावर पन्नास असा आकडा होता. "उन्हात जायच्या आधी लावत जा, मग वावरात जा खुशाल," असं त्या म्हणाल्या. मी ती लावली. चार दिवसांत गालाला फोड आले. सासूबाई म्हणाल्या, ऊन बाई तुझ्या नशिबात नाही. म्हणून मी सावलीतलं काम धरलं.

पहिल्या दिवशी पदर गालावर ओढून मी त्यांच्या ओट्यापाशी उभी होते. बाबूजींनी विचारलं, "तोंडाले काय झालं?" मी पदर आणखी घट्ट धरला. ते जवळ आले. "पदर बाजूले कर पोरी, पाहू दे." मला वाटलं, आता परत जायचं. पण त्यांनी बघितलं ते डॉक्टरसारखंही नाही आणि बायांसारखंही नाही. आभाळाकडे बघावं तसं बघितलं. आणि विचारलं, "दुखते काय?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. दिसतं का, वाढतं का, पोरांना तर नाही ना, सगळं विचारलं होतं. दुखतं का हे नाही. मी मान हलवली, हो. मग ट्यूबची गोष्ट सांगितली, अर्धी बोलून, अर्धी हातानं.

"पन्नास?" ते म्हणाले. "पन्नास काय? पन्नास मिनिटं, पन्नास दिवस का पन्नास रुपये?"

त्यांच्याकडेही एक ट्यूब होती. ते उन्हात हिंडतात म्हणून मुलीनं पुण्याहून पाठवलेली. तिच्यावर तीस होतं. त्यांनी मुलीला फोन करून आकड्याचा अर्थ विचारला होता. मुलीनं सांगितलं होतं, समजा उघडी कातडी दहा मिनिटांत लाल होत असेल, तर हे लावल्यावर तीसपट वेळ लागेल. ते मला समजावून सांगत आणि सांगता सांगता स्वतःच चिडत. "दहा मिनिटं कोनाची? पुन्यातल्या पोरीची का तुही? आन ऊन कोनतं? ह्या आकड्यानं आपलं वैशाखातलं ऊन पाह्यलं काय?"

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण पन्नास तीसपेक्षा मोठे हे मला येत होतं. मला एवढंच कळायला हवं होतं की पन्नास खरे असतील तर माझा गाल का भाजला. ते कळल्याशिवाय मी वावरात परत जाऊ शकत नव्हते. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, पण दिवाळीच्या आधी बाया ओट्या शिवायला घेतात तेव्हा मी खिडकीतून बघत उभी राहायची, ते त्यांनी पाहिलं होतं.

हळदीची युक्ती माझी. म्हणजे युक्ती म्हणून मी ती सांगितलीच नव्हती. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला होता आणि मी तो धुऊन उन्हात टाकला. म्हटलं, साबणानं जात नाही, ऊन खाते हळदीला. एवढं ऐकून ते खुर्चीतून उठले. "काय म्हनलं? ऊन खाते?" सगळ्या बायांना ठाऊक असलेली गोष्ट, पण त्यांनी ती अशी ऐकली जशी पहिल्यांदाच कोणी सांगितली. मग सदरा उन्हात किती वेळ होता, डाग केव्हा फिका झाला, हे तासाभरात दहादा विचारलं. आणि संध्याकाळी आपलं जुनं धोतर माझ्यापुढे ठेवलं. "रंगवून दे. सगळीकडे सारखं पायजे."

मी हळदीचं पाणी उकळलं, धोतर बुडवलं, पिळलं आणि घरातच दोरीवर वाळवलं. दोन दिवस सगळं घर पिवळं दिसत होतं. दोरीखालून जाताना बाबूजींचा चेहराही पिवळा व्हायचा आणि ते लहान मुलासारखे दिसायचे.

मग गच्चीवर मांडणी झाली. त्यांनी पेन्सिलीनं चौकोन आखले. वह्यांना घालतात तसलं पातळ प्लास्टिक कापून चौकोनांवर ठेवलं, औषध त्याच्यावर लावायचं. काच नको म्हणाले, काच स्वतःच थोडं ऊन खाते. एक चौकोन नुसत्याच प्लास्टिकचा, म्हणजे उघडा. एकावर पितळेची वाटी पालथी. एकावर तीसची ट्यूब, ती त्यांनी स्वतः लावली, पोळीला तूप लावतात तशी. पन्नासचा चौकोन माझ्याकडे. "तुही ट्यूब हाय, तूच लाव." मी लावली. आणि वही माझ्या हातात दिली. "तूच लिही. माहं अक्षर मलेच समजत नाई." शाळा सुटल्यावर मी वाणसामानाच्या चिठ्ठीशिवाय काही लिहिलं नव्हतं. त्या वहीत मी लिहिलं, चौकोन एक, उघडा. चौकोन दोन, वाटी.

तीन दिवस आम्ही दुपारी जिन्यात बसायचो. जिन्याच्या वरच्या दारातून धोतराचा एक तुकडा आणि खूप सारं आभाळ दिसे. पुलगावकडून गाडीचा आवाज यायचा, यायचा आणि विरून जायचा. बाबूजी डोळे मिटून म्हणायचे, "आता उडून राह्यली असन हयद. कुठं जात असन व ती?" मला वाटायचं, खरंच, एवढं पिवळं कुठं जातं. ते हवेत मिसळतं आणि संध्याकाळी त्याचंच ऊन होतं, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. अजूनही कधी कधी मला ते खरं वाटतं.

तिसऱ्या दिवशी वाटी उचलली. तिच्याखाली गोल पिवळाजर्द चंद्र. उघडा चौकोन पांढरट. तीसचा चौकोन चांगला पिवळा. आणि पन्नासचा चौकोन उघड्याच्या जोडीला जाऊन बसलेला.

"झालं!" बाबूजी म्हणाले. "तीस पास. पन्नास नापास. तुहा गाल खोटा नाई पोरी, हा आकडा खोटा हाय!"

मला इतकं बरं वाटलं. माझ्या नशिबाचा दोष नव्हता. कोणीतरी तिसऱ्यानंच खोटं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते धोतर खांद्यावर टाकून पुलगावच्या मेडिकलवर निघाले. मला सोबत घेतलं, कारण ट्यूब माझी. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. बाबूजींनी धोतर थेट काउंटरवर पसरलं.

दुकानदार म्हणाला, "बाबूजी, हे औषध मानसाले लावाचं असते. धोतराले नाई."

सगळे हसले. बाबूजी पण हसले. "धोतर मानसापेक्षा बरं हाय. त्याले खोटं बोलता येत नाई. पाह्य, हा तुहा पन्नास."

दुकानदारानं चष्मा लावून बघितलं. मग उघडी असलेली एक ट्यूब घेऊन आपल्या बोटावर पिळली, बोटाच्या मुळापासून टोकापर्यंत पांढरी लांब रेघ. "एवढं लावलं होतं काय?"

मी ती रेघ बघितली. मी एवढं कधीच लावलं नव्हतं, गालालाही नाही, धोतरालाही नाही. ट्यूब महाग. ती दोन महिने पुरवायची म्हणून मी चिमटीनं तिळाएवढं घ्यायची आणि पसरवत पसरवत न्यायची, दिसेनासं होईपर्यंत. चौकोनावरही माझ्या हातानं तेच केलं होतं. हाताला सवयच ती.

बाबूजी माझ्याकडे वळले. "सांग पोरी. लावलं होतं ना बरोबर?"

सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. माझ्याकडे म्हणजे माझ्या गालाकडे. मी पदर ओढला आणि मान हलवली. हो.

"ऐकलं?" बाबूजी म्हणाले.

तिथं देवळीकडची एक बाई उभी होती, सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. एवढ्या उकाड्यात मुलीच्या डोक्याभोवती ओढणी गुंडाळलेली. तिच्या पापणीवर आणि ओठाच्या कडेला पांढरं होतं. ती माझ्याकडे बघून हसली, जशी आमची जुनी ओळख असावी. तिच्या आईनं नुकतीच घेतलेली तीच पन्नासची ट्यूब काउंटरवर परत ठेवली. "राहू द्या मंग भाऊ. खोटंच असन तर काऊन घेऊ?" आणि मुलीचा हात धरून उन्हात निघून गेली. मुलगी वळून वळून माझ्याकडे बघत होती.

परतताना ऑटोत बाबूजी गुणगुणत होते. मी कमीच लावलं होतं, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, नाचणगाव येईपर्यंत जिभेवरच राहिलं, आणि मग त्यांच्या पोळ्यांची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी ते जेवून लवंडल्यावर मी धोतर घेऊन गच्चीवर गेले. धोतराची एक बाजू आधी घडीखाली झाकलेली होती, ती कोरी पिवळी शिल्लक होती. जुने चौकोन घडीत झाकले आणि तिथं प्लास्टिक ठेवून दोन नवे चौकोन आखले. एकावर नेहमीसारखं तिळाएवढं लावलं. दुसऱ्यावर तीसच्या चौकोनावर बाबूजींनी चढवला होता तेवढाच जाड थर दिला. ट्यूब पिळताना जीव तुटत होता, तूप सांडल्यासारखा. आणि माझ्या मनानंच तिसरा चौकोन केला. बाजारातून माझ्या मुलीनं हौसेनं एक ट्यूब आणली होती, तिच्यावर नव्वद आकडा होता. तीही तेवढीच जाड लावली.

ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. भाजी चिरताना ती ओढणीतली मुलगी दिसे. ती कुठं असेल, अंगणात असेल का, शाळेच्या मैदानात असेल का. ऊन सगळीकडे सारखंच पडत होतं, आणि त्या उन्हात माझी एक हललेली मान फिरत होती.

तिसऱ्या दिवशी बाबूजी जेवायला बसले आणि मी धोतर त्यांच्यापुढे आणून ठेवलं. म्हटलं, "बाबूजी, पन्नास खोटं नाई."

"म्हनते कोन?" त्यांनी सवयीनं विचारलं, घास हातातच.

मला 'मी' म्हणता आलं नाही. मी बोट दाखवलं. "धोतर म्हनते."

त्यांनी हात धुतला आणि धोतर खिडकीतल्या पट्ट्यापासून दूर, सावलीत नेलं. तिळाएवढा चौकोन पांढरा होता. जाड थराचा पिवळा, तीसच्याहूनही थोडा उजवा. नव्वदचा, तेवढाच जाड थर असून, पार धुऊन निघाल्यासारखा. मी सगळं सांगितलं. तीळ, चिमटी, मान.

ते चौकोनांवरून बोट फिरवत राहिले. मला वाटलं, आता काम गेलं.

"तवा मान काऊन हलवली?"

"भेव वाटलं."

"माह्यं?"

"नाई जी. सगळे पाहून राह्यले होते."

त्यांनी धोतराची घडी करून मांडीवर घेतली. "गुन्हा माहा हाय. जिंदगीभर मापाच्या नळ्या धुतल्या, आन आपल्याच घरी माप नाई घेतलं." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. चूक सापडली की ते असे उजळायचे, दुसरे लॉटरी लागल्यावर उजळतात तसे. त्यांनी लगेच पुण्याला फोन लावला आणि मुलीला विचारलं, आकडा ठरवताना औषध किती जाड लावतात ते पाह्य. मुलीनं शोधून सांगितलं की चांगलंच जाड लावतात, रोज कोणी लावत नाही इतकं. फोन ठेवून ते हसत सुटले.

"समजलं काय? आकडा काढला नवरीच्या हयदीएवढं लावून. आन आपन लावतो कुंकवाएवढं! आकडा खोटा नाई, आपला हात खोटा." मग नव्वदच्या चौकोनाकडे बघून म्हणाले, "हा मात्र पक्का लबाड. सगळ्यात मोठा आकडा त्याचाच पायजे होता." आणि जरा थांबून, "तरी बी एक हाय. हयद म्हंजे कातडी नाई. हयद साक्षीदार हाय, जज नाई."

कातडीची खात्री करायला त्यांनी आपल्या हातावर पट्टे ओढून गच्चीवर बसून पाहिलं. काहीच दिसलं नाही. पट्टे कुठं होते तेही सापडेना. "सत्तर वर्षं भाजून झाली," ते म्हणाले, "आता ऊनच मले घाबरते." पण ते नंतर. त्या दिवशी त्यांनी आधी चपला घातल्या. "चाल."

मेडिकलवाल्यानं आम्हाला लांबूनच पाहिलं. "बाबूजी, आज काय आनलं? लुगडं?"

"माफी आनली," बाबूजी म्हणाले. "चूक माह्या घरची होती. तुहा पन्नास पास हाय." आणि मोठ्यानं, गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं, परत एकदा म्हणाले. दुकानदार काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "ते देवळीची बाई आली होती काय परत?"

ती आली नव्हती. पण मुलीची औषधं तिथूनच जात, म्हणून दुकानदाराकडे तिचा फोन नंबर होता. त्यानं लावला आणि बाबूजींच्या हातात दिला. बाबूजींनी तो माझ्यापुढे धरला.

"तुमी सांगा ना बाबूजी."

"मी सांगतलं तर म्हंतीन, म्हातारा येडा होता, आता डबल येडा झाला. तू सांग."

फोनमध्ये ती बाई हॅलो हॅलो करत होती. मी म्हटलं, "बाई, ते ट्यूब खोटी नाई. कमी लावली तर भाजते. बोटभर घ्या लागते, चेहऱ्याले दोन बोटं. आन बाजारातली नव्वदची नका घेऊ. दुपारचं मात्र उन्हात नकाच धाडू, आन ओढणी सोडू नका."

"त्या दिवशी तर खोटी म्हनत होते," ती म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. किती जणांनी काय काय सांगितलं असेल तिला, हे लाव, ते खाऊ नको, अमक्याला दाखव. "आज खरी. म्हनते कोन पन हे?"

मी बाबूजींकडे बघितलं. ते कपाटातल्या बाटल्यांवरचे आकडे वाचत होते, जसं त्यांना काही ऐकूच आलं नाही. दुकानात दोन-तीन माणसं होती. माझा पदर खांद्यावर घसरला होता आणि फोन धरलेल्या हाताची पाठ सगळ्यांना दिसत होती.

"मी म्हंते," मी म्हटलं. "तुमच्या पोरीनं मले पाह्यलं हाय. माह्या गालावर बी हाय."

मग ती हळू म्हणाली, "हो. ते सांगत होती घरी येऊन. तिले तुमी लय आवडल्या." आणि विचारलं, "दुखते काय हो तुम्हाले?"

त्या वर्षी कार्तिकात मी वावरात गेले. बाबूजींनी आपला पूर्ण बाह्यांचा जाड सदरा दिला होता, धोतराच्या एका टोकावर त्यांनी तोही तपासून घेतला होता. त्याच्याखाली हळद जशीच्या तशी राहिली होती. "पन्नास बिन्नास ठीक हाय," ते म्हणाले, "पन हा सदरा शंभर हाय. आन ह्याच्यावर कोनीच आकडा छापला नाई." गालाला दोन बोटं, सकाळचं वेचायचं, ऊन चढलं की बांधावरच्या कडुलिंबाखाली बसायचं. डाग गेले नाहीत. फोड आले नाहीत. पहिल्या दिवशी मी तासाला लागले तेव्हा बाया जरा गप्प झाल्या, आणि पुढच्या बोंडापर्यंत पुन्हा सुरू झाल्या. कापूस इतका पांढरा होता की त्यात माझे हात कुठं संपतात ते मलाच कळेना.

नंतर मुलगी बाबूजींना पुण्याला घेऊन गेली. जाताना थर्मामीटर खिशात होतं. दोन वर्षांनी ते तिथंच गेले. तिचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. मी ताट बाजूला ठेवलं, आणि तिनं बराच वेळ फोन ठेवला नाही.

धोतर माझ्याकडे आहे. ट्रंकेत, काळ्या कापडात गुंडाळलेलं. ते उजेडात बघता येत नाही, कारण बघत बसलं तर ऊन ते खाऊन टाकेल. म्हणून दार लोटून, खिडकी लावून घेते आणि थोडा वेळ उघडते. वाटीचा चंद्र अजून आहे. तीळ लावलेला पांढरा चौकोन आहे, आणि त्याच्या शेजारी बोटभर लावलेला पिवळा. अंधारात तो जरा जास्तच पिवळा दिसतो. असं कसं, म्हणून मी कोणाला विचारत नाही. मला तो तसा दिसतो.